शेवटचे पान

मराठी घरातील ताटाला एक व्यवस्था असते. वरच्या कडेशी मीठ. डाव्या बाजूस लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या बाजूस भाजी आणि आमटी. मध्ये भात वा पोळी. ही मांडणी चुकली तर वडीलधारी माणसे अजूनही ती सुधारून घेतात. पदार्थांच्या जागेविषयी एवढी दक्ष असणारी ही रीत माणसांच्या जागेविषयी मात्र फारसे बोलत नाही. आधी कोणी बसावे, कोणी वाढावे आणि उरलेल्यावर कोणी भागवावे, याचेही नियम आहेतच; पण ते इतके अंगवळणी पडले आहेत की उच्चारावे लागत नाहीत. रोजच्या जेवणाचा नैतिक विचार या न उच्चारलेल्या नियमांपासूनच सुरू करावा लागतो.

प्रत्येक पदार्थ करणाऱ्याकडून वेगळ्या प्रकारचा वेळ मागतो. नानकटाईत तूप आणि साखर भरपूर, पाण्याचा अंश अगदी थोडा. म्हणून ती डब्यात पुष्कळ दिवस टिकते. दिवाळीच्या आधी घरचे सामान घेऊन बेकरीत जावे आणि डबे भरून नानकटाई भाजून आणावी, अशी पद्धत मुंबई-पुण्यात दीर्घकाळ होती. असा पदार्थ करणारी आणि खाणारी माणसे पुढे एकत्र बसून चहाबरोबर तो खाऊ शकतात. काकडीच्या कोशिंबिरीचे तसे नाही. मीठ लागताच काकडीला पाणी सुटते, म्हणून दाण्याचे कूट घालून, वर फोडणी देऊन ठेवली तरी मीठ पाने घेतल्यावरच कालवायचे असते. फुलक्याची मुदत तर याहूनही अल्प. आतल्या वाफेने तो फुगतो आणि विस्तवावरून उतरताच बसू लागतो. तो फुगलेला असतानाच पानात पडावा, अशी अपेक्षा असेल तर कोणीतरी विस्तवापाशी उभे असलेच पाहिजे. म्हणजे ताजेपणा हा केवळ पदार्थाचा गुण नव्हे. एकाच्या पानातील ऊब ही दुसऱ्याने लांबणीवर टाकलेली भूक असते.

या लांबणीवर टाकण्याला काय म्हणावे? प्रेम, कर्तव्य की श्रम? परंपरेने या प्रश्नाचे उत्तर गौरवाने दिले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू ब्रह्माचा शोध घेताना प्रथम अन्नापाशी येतो आणि पुढे प्राण, मन, विज्ञान या पायऱ्यांनी आनंदापर्यंत पोचतो. शिखर गाठल्यावर पायथ्याचा विसर पडेल, असे वाटावे. परंतु ते उपनिषद आनंदानंतर पुन्हा अन्नाकडे वळते. अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, ते वाढवावे, आश्रयाला आलेल्याला विन्मुख पाठवू नये, अशी व्रते ते सांगते. अन्नाचा याहून मोठा सन्मान कल्पिणे कठीण. तरीही त्या व्रतांत अन्न आहे, ते खाणारा आहे, अतिथी आहे; ते शिजवणाऱ्या व्यक्तीचा स्वतंत्र विचार नाही. पुढे लोकाचाराने ती जागा अन्नपूर्णेला दिली. महाराष्ट्रात लग्नात मुलीला अन्नपूर्णेची छोटी मूर्ती देतात, ती नव्या घराच्या देवघरात जाते, आणि सून स्वयंपाकघरात. ही उपमा आदराची आहे यात शंका नाही. परंतु देवीला नैवेद्य दाखवल्यावर ती पोटभर जेवली का, हे कोणी विचारत नाही. माणसाला देवत्व देण्यात हाच एक धोका असतो: त्याच्या भुकेची चौकशी थांबते.

गौरव पुरेसा नाही म्हणून मोल मोजावे, असा दुसरा विचार पुढे येतो. २०१९ साली केंद्र शासनाने केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के दिवसभरात बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. असे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषाचा ९७. जमशेदपूर येथे मार्च १९८९ मध्ये एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया आणि मुले दगावली. त्या प्रकरणात भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ३४ ते ५९ वर्षे वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. न्यायालयाचा हेतू उदार होता. आधी सुचवलेली रक्कम त्याने वाढवली होती. तरी या हिशेबाची वेळ विचार करायला लावते. हात चालत होते तोवर आकड्याची गरज कोणालाच वाटली नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा हिशेब हात चालत असतानाच झाला. गावाकडून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर स्वयंपाक करत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले. तीच भाकरी, तेच कालवण. पण खाणावळीच्या गिऱ्हाइकाने महिन्याचे पैसे दिले की देणे फिटत असे, आणि त्याच चुलीवर जेवणाऱ्या घरच्या माणसाचे देणे मांडलेच जात नसे. मांडलेले नसल्यामुळे ते फिटतही नसे.

म्हणून घरातही दर ठरवावा काय? येथे मन बिचकते, आणि ते सर्वस्वी स्वार्थाने बिचकते असे नाही. आजाऱ्यासाठी केलेली मऊ भाताची पेज, परीक्षेहून परतलेल्या मुलासाठी तळलेली भजी यांत जे असते ते दरपत्रकात बसत नाही. स्वयंपाकात आनंद मानणाऱ्या व्यक्तीचा आनंद खोटा ठरवण्याचा अधिकारही कोणाला नाही. परंतु देणे हे दान ठरण्यासाठी न देण्याची मोकळीक असावी लागते. जिला एकाही संध्याकाळी ‘आज मी करणार नाही’ असे म्हणता येत नाही, तिच्या रोजच्या स्वयंपाकाला प्रेम म्हणणे सोयीचे असते. ते खरे आहे की नाही, हे ठरवण्याचे साधनच त्या घरात उरलेले नसते. ती प्रेमाने करतही असेल. पण ते तिलाही दाखवून देता येणार नाही.

याची परीक्षा फार साधी आहे. आमटीत मीठ कमी पडले तर पंगतीतील प्रत्येकाला कळते. थोरल्याला भाजी कोरडी लागते, धाकट्याला वांगे चालत नाही, आजोबांना भात मऊ हवा, हे सारे घराला पाठ असते. मात्र स्वयंपाक करणारीला स्वतःला काय आवडते, असे विचारले तर कित्येक घरांत उत्तरापूर्वी शांतता पसरते. कधी तिच्याकडूनही उत्तर येत नाही. इतरांच्या रुची सांभाळताना तिची रुची नाहीशी झाली असेल, तर तेथे केवळ श्रमच नव्हे, एक व्यक्तीही खर्ची पडली आहे.

यावर उपाय मोठा नाही, म्हणूनच तो टाळला जातो. सर्वांनी एकदम बसायचे तर फुलके आधी करून, फडक्यात गुंडाळून ठेवावे लागतील. ते थोडे निवतील, थोडे चिवटही होतील. गरमच हवे असतील तर विस्तवापाशी उभे राहण्याची पाळी सर्वांवर यावी लागेल, आणि सवय नसलेल्या हातांचे फुलके काही दिवस फुगणार नाहीत. दोन्हींपैकी कोणत्याही वाटेने गेले तरी चवीत थोडी उणीव येणारच. ती उणीव ज्या घराला सोसवते, त्या घरात शेवटचे पान कोणाचे, हे ठरलेले राहत नाही.