चरित म्हणजे जात नव्हे



गेल्या महिन्याच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, परित्राणपाठ झाला आणि मंडळी घरी जायला निघाली. तेव्हा एक माता आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हाताशी धरून माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, ह्याला दोन शब्द सांगा. फार संतापी आहे. शाळेत मारामारी, घरात आदळआपट. ह्याच्या हाडातच आहे ते. बाप तसाच, आजा तसाच. जातच तशी ह्यांची." मुलगा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत उभा होता.

मातेचा हेतू वाईट नव्हता. मुलाच्या काळजीनेच ती बोलत होती. परंतु तिचे शेवटचे शब्द ऐकून मी चरकलो. "हाडातच आहे", "जातच तशी" हे शब्द आपण कोठून आणले? आपल्या आज्या-पणज्यांविषयी सारे गाव हेच बोलत नव्हते काय? ते असेच राहणार, कारण त्यांची जातच तशी, असेच म्हणत नव्हते काय? ज्या शब्दांनी आपल्या पूर्वजांना वेशीबाहेर ठेवले, तेच शब्द बौद्ध झाल्यावर आपण आपल्याच लेकराच्या कपाळी मारावेत, हे धम्माला धरून आहे काय?

माणसाचे स्वभाव वेगवेगळे असतात, हे धम्म नाकारीत नाही. उलट स्वभावांचा जितका बारकाईने विचार बौद्ध आचार्यांनी केला तितका फार थोड्यांनी केला असेल. पण तो विचार कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

सहा चरिते

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा असे त्याचे तीन भाग आहेत. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी ह्यांनी ह्या ग्रंथाचे देवनागरीत संपादन केले व ते १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाले. ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात सहा चरिते सांगितली आहेत: रागचरित, दोसचरित, मोहचरित, सद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितक्कचरित.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. मराठीत राग म्हणजे क्रोध. पालीत राग म्हणजे ओढ, हाव, आसक्ती. आपण ज्याला राग म्हणतो त्याला पालीत दोस, म्हणजे द्वेष, म्हणतात. तेव्हा त्या मातेचा मुलगा रागचरित नव्हे; म्हणायचेच झाले तर दोसचरित म्हणावे लागेल.

ही चरिते ओळखावी कशी? बुद्धघोष अगदी घरगुती दाखले देतात. भिक्षू अंगण झाडतो आहे. रागाचा जोर असेल तर तो झाडू नीट धरतो, घाई करीत नाही, वाळू उडवीत नाही. अंगण स्वच्छ आणि सारखे होते. द्वेषाचा जोर असेल तर झाडू आवळून धरतो, घाईघाईने करकर आवाज करीत झाडतो, वाळू दोहों बाजूंना उडते. मोहाचा जोर असेल तर झाडू सैल धरलेला असतो, केर इकडचा तिकडे होतो आणि अंगण होते तसेच राहते.

दुसरा दाखला पाहण्याचा. रागाला एखाद्याचा बारीकसा गुण दिसला तरी तो त्यालाच चिकटून बसतो आणि खरा दोष नजरेआड करतो. द्वेष बारीकसा दोष पकडतो आणि खरा गुण नजरेआड करतो. मोहाला स्वतःचे मतच नसते. शेजारी नावे ठेवू लागला की हाही नावे ठेवतो, शेजारी वाहवा करू लागला की हाही वाहवा करतो. वस्तीतल्या नळावर आणि चावडीवर हे तिन्ही प्रकार आपण रोज पाहतो, आणि खरे सांगायचे तर स्वतःतही पाहतो.

राहिलेली तीन चरिते ही ह्याच तिघांची दुसरी बाजू आहे. राग वाईटाला धरून ठेवतो, तर श्रद्धा चांगल्याला धरून ठेवते. चिकाटी तीच, वस्तू बदलली. मोह गोंधळून भटकतो, तर वितर्क शंभर विचार करीत भटकतो. द्वेषाची जोडी मात्र सर्वांत महत्त्वाची आहे. द्वेषाची जोडी प्रज्ञेशी आहे. तिचा विचार पुढे करू.

चित्त रागयुक्त, माणूस नव्हे

त्या दिवशी मी मुलाला विचारले, "काल दिवसभर तू संतापलेलाच होतास काय?" तो म्हणाला, "नाही. सकाळी धाकटीला सायकलवर बसवून शाळेत पोचवली." मी विचारले, "तेव्हा संताप कोठे होता?" थोडा विचार करून तो म्हणाला, "तेव्हा नव्हता."

हे लहानसे उत्तर नीट ध्यानात घ्या. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी चित्ताकडे कसे पाहावे हे शिकविले आहे. चित्त रागयुक्त असेल तर ते रागयुक्त आहे असे जाणावे. द्वेषयुक्त असेल तर द्वेषयुक्त आहे असे जाणावे. द्वेष नसेल तर नाही असेही जाणावे. येथे माणूस रागयुक्त आहे असे म्हटलेले नाही, चित्त म्हटले आहे. आणि द्वेष नाही हेही पाहायला सांगितले आहे. आपण नेमके तेच पाहत नाही. मुलाची आदळआपट सर्वांना दिसते. धाकटीला सायकलवर बसवून नेताना त्याच्या चित्तात जी मैत्री होती ती कोणाला दिसत नाही.

धम्म आत्मा मानीत नाही. ज्याला आपण 'मी' म्हणतो तो रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान ह्या पाच स्कंधांचा जुळलेला संच आहे, आणि तो क्षणोक्षणी बदलत असतो. जेथे कायमचा 'मी'च नाही, तेथे कायमचा रागीट मी, कायमचा आळशी मी, कायमचा नालायक मी कोठून येणार? अनात्मवाद हा पंडितांच्या चर्चेचा विषय आहे असे समजू नका. ज्याला जन्मभर "तू असलाच" असे ऐकविले गेले, त्याच्या पायातली बेडी तोडणारी ती शिकवण आहे.

क्रोधाचे काय करावे?

मग मी मुलाला विचारले, "मारामारी कशावरून झाली?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या आडनावावरून एक जण बोलला. सगळे हसले." आईला हे ठाऊक नव्हते. तिने कधी विचारलेच नव्हते, कारण हाडातच आहे म्हटल्यावर विचारायचे काय राहते?

बंधू-भगिनींनो, हाच आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे. आपल्या समाजात क्रोध आहे, आणि तो अकारण नाही. अशा वेळी कोणी म्हणतो, "बौद्ध झालात, आता शांत राहा, मैत्री करा." मग तरुणांना वाटते की ध्यान म्हणजे अपमान गिळायला शिकणे. असे असेल तर ते ध्यान आपल्याला नको.

परंतु बुद्धघोषांनी द्वेष आणि प्रज्ञा ह्यांची जी जोडी लावली तिच्यात ह्याचे उत्तर आहे. दोघांचीही नजर दोषावर असते आणि दोघेही दोषाला चिकटून राहत नाहीत, त्याला दूर सारतात. फरक असा की, द्वेष नसलेले दोष शोधतो, प्रज्ञा असलेले दोष शोधते. द्वेष प्राण्यांना धिक्कारतो, प्रज्ञा संस्कारांना धिक्कारते.

आता परमपूज्य बाबासाहेबांचे जीवन आठवा. २० मार्च १९२७ रोजी महाडला ते चवदार तळ्यावर गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. जाळला तो ग्रंथ; माणसाच्या घराला कोणी काडी लावली नाही. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' ह्या निबंधात त्यांनी स्पष्ट सांगितले की, जात पाळणारे लोक हे आपले खरे शत्रू नव्हेत. जात पाळायला शिकविणारी शास्त्रे हा खरा शत्रू आहे. द्वेषाची धग प्रज्ञेच्या चुलीत कशी घालावी ह्याचा ह्याहून मोठा धडा नाही. धग विझविली नाही, तिच्यावर काम करून घेतले. शाळेत बोललेल्या त्या मुलाच्या तोंडात ते शब्द कोणी घातले, हे ज्याला दिसते त्याची मूठ आवळत नाही, पण त्याचा लढाही थांबत नाही. त्या आईला मी सांगितले, की मुलाला संतापू नको म्हणण्याआधी शाळेत जाऊन गुरुजींना भेटा, आणि घडले ते सांगा. तेही धम्माचरणच आहे.

शिक्का मारू नका

चरितांची माहिती झाली की एक नवा धोका उभा राहतो. नवरा बायकोला म्हणू लागतो, "तू दोसचरित." सासू सुनेला म्हणते, "ही मोहचरित, हिचा झाडूच सांगतो." जुनी जात गेली आणि नवी आली, असे व्हायला वेळ लागत नाही.

बुद्धघोषांनी स्वतःच येथे सावध केले आहे. चालण्यावरून, झाडण्यावरून, जेवण्यावरून चरित ओळखण्याची ही रीत सर्वस्वी मूळ वचनांत किंवा अट्ठकथेत आलेली नाही, ती आचार्यांच्या मतानुसार सांगितली आहे, म्हणून तीच सार मानू नये, असे ते लिहितात. शरीरातील धातू व कफ-वातादी दोषांवरून चरित ठरते हे काहींचे मतही ते मान्य करीत नाहीत. पुढे ते चरिताचा संबंध मागील जन्मांतील कर्माशी लावतात, हे मात्र खरे. येथे आपण बाबासाहेबांचा हात धरावा. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी, आजची दशा मागल्या जन्माच्या कर्माने ठरते हे मत धम्माचे नव्हे, असे दाखवून दिले आहे. म्हणून चरित म्हणजे पडलेली सवय एवढाच अर्थ आपण घ्यावा. सवय कारणांनी पडते, आणि कारणे बदलली की मोडते.

त्याच १९३६ च्या निबंधात बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्यावर असा आक्षेप घेतला की, माणसामाणसांतील गुण इतके भिन्न आहेत की त्यांना मोजक्या ठराविक वर्गांत कोंबणे हा उथळ विचार आहे. जे चार कप्प्यांना लागू आहे ते सहा कप्प्यांनाही लागू आहे.

मेघियाची गोष्ट

तथागतांचे वर्तन पाहा. मेघिय हा भिक्षू तथागतांच्या सेवेत होता. किमिकाळा नदीच्या काठची आमराई पाहून त्याला वाटले, ध्यानाला ही जागा फार चांगली. त्याने जाण्याची परवानगी मागितली. तथागत म्हणाले, दुसरा कोणी येईपर्यंत थांब. त्याने तीनदा आग्रह धरला आणि तो गेला. आमराईत एकटा बसला तो काय? कामवासनेचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार त्याच्या चित्तात गर्दी करू लागले. बिचारा थक्क होऊन परत आला.

तथागत त्याला बोलले नाहीत, "तू अमक्या चरिताचा" म्हणालेही नाहीत. आधी चांगल्या मित्राची सोबत, शील, धम्माची चर्चा, उद्योग आणि प्रज्ञा ह्यांचा आधार धर, असे सांगितले. मग चार भावना दिल्या: रागासाठी अशुभभावना, द्वेषासाठी मैत्रीभावना, भटकणाऱ्या वितर्कासाठी आनापानसती, म्हणजे श्वासावर स्मृती, आणि 'मी'पणासाठी अनित्यसंज्ञा. चारही भावना एकाच माणसाला दिल्या! राहुलालाही त्यांनी अशाच अनेक भावना दिल्या. कारण एकाच माणसात हे सारे वसत असते. बुद्धघोषही हीच उदाहरणे देऊन सांगतात की, अक्षराला चिकटू नये, अभिप्राय शोधावा.

घरी काय करावे?

संध्याकाळी दिवा लावून त्रिशरण-पंचशील झाले की दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. लहान मुलांना पाच पुरेत. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. मन पळाले की कोठे पळाले ते पाहावे आणि न रागावता परत आणावे. ओढीने पळाले, चिडीने पळाले की नुसतेच भरकटले, एवढे कळू लागले तरी आपले चित्त आपल्याला दिसू लागले असे समजावे.

ज्याला हाव सतावते त्याने त्या दिवशी काहीतरी दुसऱ्याला द्यावे. अशुभभावना जाणत्या मार्गदर्शकावाचून करू नये. ज्याला चीड सतावते त्याने मैत्रीभावना करावी. पण आरंभ वैऱ्यापासून करू नये. आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग मित्र, मग तिऱ्हाईत आणि शेवटी वैरी, असा तिचा क्रम आहे. अपमान सोसलेल्या माणसाने स्वतःविषयीच्या मैत्रीत जास्त दिवस थांबले तरी चालेल. त्याला तिची गरज आहे.

आणि एक नियम घरात कडक पाळावा. चरिताचे नाव घ्यायचे ते फक्त स्वतःविषयी. "मी रागीटच" असे न म्हणता "आता माझ्या चित्तात द्वेष उठला आहे" असे म्हणावे. दुसऱ्याविषयी काही म्हणायचे असेल तर नाव ठेवू नये, विचारावे: "काय झाले?"

परवा ती माता पुन्हा भेटली. मुलगा एकदम सुधारला असे ती म्हणाली नाही, आणि मलाही तशी अपेक्षा नव्हती. ती शाळेत जाऊन आली होती. म्हणाली, "अजून आदळआपट करतो. पण आता मी विचारते आणि तो सांगतो."

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, आपला नवा जन्म होत आहे, अशी एक प्रतिज्ञा आहे. ज्याचा नवा जन्म झाला त्याच्या हाडात जुने काही उरत नाही. ही गोष्ट आपण स्वतःविषयी मानतो. आपल्या लेकरांविषयीही मानू या.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!