बंद वाटीतला तंबोरा

हेडफोन अजून कानावर चढवू नका. मांडीवर असू द्या. आधी नुसतं बसा.

भोपाळमध्ये ही बैठक रात्री उशिरा मांडावी. न्यू मार्केटची वर्दळ थांबलेली असते, रस्त्यावरचे हॉर्न विरळ होतात. पंखा सोसवेल तितका वेळ बंद ठेवा. आता खोलीत जे उरलं आहे ते ऐका : फ्रिजची घुमघुम, दूरचा एखादा ट्रक, कुत्रं. घाई नाही. कान दिवसभराच्या गोंगाटातून बाहेर यायला वेळ घेतो, आणि थकलेल्या कानाने दिलेला निवाडा धरू नये.

आता हेडफोन चढवा. गाणं लावू नका. बंद वाटीचा, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन पहिल्यांदा खोलीवर काय करतो ते पाहा. वरचे, टोकदार आवाज मावळतील. ट्रकची घरघर मात्र पुष्कळशी तशीच आत येईल. हा दोष नव्हे. खालचे आवाज गादीने आणि प्लॅस्टिकने अडत नाहीत, वरचे अडतात. विक्रेता ‘बाहेरचं काहीच ऐकू येणार नाही’ म्हणाला असेल, तर ते वाक्य इथेच बाजूला ठेवा.

दोन्ही तळव्यांनी वाट्या हळूच कानाकडे दाबा. पुढे गाणं लावल्यावरही हे एकदा करायचं आहे. तेव्हा दाबताच खर्ज एकदम भरून आला, तर गादी नीट बसलेली नव्हती. बंद वाटीचा खालचा सूर त्या बंदिस्त हवेवर उभा असतो. फट राहिली की हवा निसटते आणि खालचा सूर पातळ होतो. चष्म्याची काडीसुद्धा एवढी फट करते. चष्मा लावणाऱ्यांनी एकदा तो काढून, एकदा लावून ऐकावं. भोपाळच्या मे महिन्यात कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने भिजतात, काही वर्षांत सोलपटतात, आणि मग तोच हेडफोन वेगळा बोलू लागतो. जुन्या जोडाला बेसूर ठरवण्याआधी गादी बदलून पाहावी.

आता तंबोरा. फक्त तंबोरा, गळा नाही.

गाण्याने सुरुवात केली की मन शब्दांत, बंदिशीत, आठवणीत जातं आणि यंत्राकडे कोणी बघत नाही. तंबोरा पळवून नेत नाही. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर असतात, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. खर्ज छेडला की त्याच्या पोटातून गंधार उमटतो. तो कोणी वाजवत नाही. मूळ कंपनाच्या पाचपट, सुमारे ३४६ हर्ट्झवर, तो आपोआप येतो, आणि जवारी, म्हणजे घोडीवर साधलेला तारेचा झंकार, नीट काढलेली असेल तर स्वच्छ ऐकू येतो.

त्या गंधाराची वाट पाहा. एक आवर्तन जाऊ द्या, आणखी एक. तार छेडल्याबरोबर तो नसतो. क्षणभराने वर येतो, फिरतो, विरतो. तुमच्या हेडफोनमध्ये तो येतो का? वेगळा दिसतो का, की जाड गुंजारवात बुडून जातो?

मला विचाराल तर बंद वाटीची सगळी परीक्षा इथे आहे. ध्वनीचा पडदा पुढे हलतो तसा मागेही हलतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये मागचा आवाज खोलीत निघून जातो. बंद वाटीत तो अडकतो, भिंतीवर आपटून पातळ पडद्यातून पुन्हा कानाकडे येतो. तो शोषून घ्यायला आत फेल्ट किंवा फोम विचारपूर्वक बसवावा लागतो. तिथे कसर केली की खालच्या-मधल्या पट्टीत फुगवटा येतो. गळा पेटीत बसून गायल्यासारखा होतो आणि खर्जातला गंधार झाकला जातो. बाजारातले पुष्कळ हेडफोन मुद्दाम खालचा सूर फुगवतात. दुकानात पाच मिनिटं ऐकताना ते भरदार वाटतं. तंबोऱ्याशी ते बेइमानी करतात, आणि मी तरी असा जोड कोणाला सुचवणार नाही.

इथे एक सावधगिरी. कान खालचा मूळ सूर नसतानाही तो ऐकू आल्यासारखं करतो. त्या गंधारासारखे वरचे स्वयंभू नाद मिळाले की मेंदू त्यांखालचा षड्ज स्वतः भरून काढतो. म्हणून मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधूनही खर्ज ‘कळतो’. तेव्हा खर्ज ऐकू आला एवढ्यावर थांबू नका. त्याला अंग आहे का, तो छेडल्यावर किती वेळ टिकतो, हे पाहा.

पण खरा तंबोरा कसा वाजतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हे कसं कळावं? इथे भोपाळचे रहिवासी भाग्यवान आहेत. मोठ्या तलावाच्या उतारावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेलं भारत भवन १९८२पासून उभं आहे. तिथे अंतरंग हे बंद सभागृह आहे आणि बहिरंग हा तलावाकडे उघडणारा खुला रंगमंच. तंबोरा आणि गळा दोन्हीकडे ऐकावा. बंदिस्त जागेत सूर परत येतो, उघड्यावर निघून जातो, आणि हा फरक एकदा कानाला कळला की हेडफोनच्या वाटीत काय चाललं आहे ते पुस्तकाविना कळू लागतं. याच शहरात उस्ताद ज़िया फ़रीदुद्दीन डागर यांनी ध्रुपद केंद्रात शिकवलं. ध्रुपदाच्या आलापात गळा मंद्रात जाऊन तिथेच रमतो. खालच्या सुराची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आणि सुमारे दीडशे किलोमीटरवर देवास. क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून गायक कुमार गंधर्व १९४८ साली तिथे आले आणि १२ जानेवारी १९९२ला गेले ते तिथूनच. त्यांच्या सुरेल तंबोऱ्यांबद्दल जाणकार आजही बोलतात. त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि पहिली मिनिटं मागच्या तंबोऱ्यांकडेच लक्ष ठेवा. मग गळा येऊ द्या. श्वास कुठे घेतला, स्वर कुठून उचलला, शब्दाचं शेवटचं व्यंजन कसं सुटलं? चांगला बंद हेडफोन हे सारं शांतपणे पुढे ठेवतो. प्रत्येक ‘स’ कानात टोचत असेल, तर वरची पट्टी कृत्रिमपणे चढवलेली आहे.

आता जुनं, मोनो ध्वनिमुद्रण. गायिका हिराबाई बडोदेकरांची एखादी जुनी तबकडी चालेल. दोन्ही बाजूंना एकच आवाज असल्याने गळा कपाळाच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तार सप्तकात जाताना तो डावीकडे सरकला, तर हेडफोन उलटा घाला. गळा आता उजवीकडे गेला तर दोष यंत्राचा. डावीकडेच राहिला तर कानाचा, तो डॉक्टरांना दाखवा. गळा मध्ये न राहता डोक्याभोवती पसरून गेला, तर एका बाजूची तार उलटी जोडलेली असण्याचा संशय धरा. नकली मालात हे आढळतं.

नकलेचा विषय थोडक्यात. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१पासून स्टुडिओंत वापरात आहे. अशा नावाजलेल्या मॉडेलांच्याच नकला निघतात. रीतसर आयात झालेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. अनुक्रमांक कंपनीच्या सेवाकेंद्राला विचारता येतो. आणि त्या मॉडेलवर ६३ ओहम लिहिलेलं असतं, तर दुरुस्तीवाल्याच्या मल्टिमीटरवर दोन्ही बाजू त्याच्या जवळपास आणि एकमेकींशी जुळत्या दिसायला हव्यात. आकडा निम्म्यावर आला तर खोक्यावरची छपाई कितीही सुबक असो, माल परत करा.

दोन जोडांची तुलना करत असाल तर आवाज आधी समान करा. किंचित मोठा वाजणारा जोड नेहमी सरस भासतो, आणि बहुतेक चुकीचे निवाडे तिथेच होतात. बंद वाटीचा खरा फायदा असा की बाहेरचा कल्लोळ कमी झाल्याने आवाज खाली ठेवूनही सगळं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांची मर्यादा सांगते. ९० डेसिबलवर तीच चार तासांवर येते.

हे सारं एका रात्रीत उरकू नका. पण परत करण्याची मुदत संपण्याआधी मात्र नक्की करा, आणि पावती जपून ठेवा.