मोडण्याची मुभा

बऱ्याच शाळांत विज्ञान साहित्याचं कपाट असतं आणि त्याला कुलूप असतं. किल्ली सांभाळणाऱ्या सरांना दोष देण्यात अर्थ नाही. आतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते आणि तपासणीला ती जागेवर दाखवावी लागते. एखादं भिंग फुटलं तर ते निर्लेखित करण्यापेक्षा मुलांना लांबून दाखवलेलं सोपं.

काड्या, रिफिली, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब अशा वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचं कौतुक होतं ते बहुधा काटकसरीचं. गरीब शाळेला परवडतं, असं म्हणतात. पण स्वस्त वस्तूचा मोठा गुण असा, की ती मोडल्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही.

1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आता नर्मदापुरम) 16 शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. पुढे तिथे परीक्षेतही प्रयोग आले आणि पुस्तक उघडं ठेवायची परवानगी मिळाली. पुण्यात टेल्कोत असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून तिथे गेले. त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला घेतले.

त्यातला चौकोन करून बघावा. बोटानं दाबला की तो तिरका होतो. पंचकोनही धड उभा राहत नाही. त्रिकोण मात्र, सांधे तेच रबराचे असूनही, हलत नाही. मग मूल चौकोनाला आडवी काडी लावायला जातं, तर ती पुरत नाही, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. चौकोन दाबत नेला की एका जागी तीच काडी नेमकी बसते. समभुज त्रिकोणांची जोडी तयार होते आणि सगळा आकार ताठ होतो. पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणांचीच का, हे त्याला आता वेगळं सांगावं लागत नाही.

मोटरचं उदाहरण याहून बोलकं आहे. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वायंडिंगच्या दुकानातली वार्निश चढवलेली तांब्याची तार. तारेचं वेटोळं करून त्याची टोकं पिनांच्या भोकांत ठेवायची. वार्निशमधून वीज जात नाही, म्हणून मुलं दोन्ही टोकं चकचकीत खरवडतात. वेटोळं जरा वळतं, मागे येतं आणि जागच्या जागी डगमगत राहतं. त्याचं कारण असं, की अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा रेटा उलट्या दिशेला लागतो. उपाय म्हणजे एकच टोक पूर्ण खरवडायचं. दुसऱ्याची, वेटोळं उभं धरून, फक्त वरची बाजू. उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज बंद होते आणि मिळालेल्या वेगावर वेटोळं पुढे निघून जातं. विकतच्या मोटरमध्ये हेच काम कम्युटेटर करतो, पण तो पत्र्याच्या डबीत झाकलेला असतो. तयार संचातली मोटर पहिल्या झटक्यात फिरते. त्यामुळे ती का फिरू नये हा प्रश्नच पडत नाही, आणि खरं तर सगळी गंमत त्या प्रश्नातच आहे.

हातभर तार वाया गेली तर नवी घेता येते. म्हणून मूल तिसऱ्यांदा खरवडायला बसतं. सर रागावतील ही भीती असती तर पहिल्याच डगमगीला त्यानं हात काढून घेतला असता.

मात्र 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द अनुदान न देण्याचं निमित्त होऊ लागले की मला चीड येते. थर्मामीटर भंगारातून होत नाही, सूक्ष्मदर्शकाचं चांगलं भिंगही नाही. ती शाळेला विकत मिळायलाच हवीत, आणि फुटणार हे धरूनच मिळायला हवीत. दहा थर्मामीटर लागत असतील तर मागणी बाराची करावी, आणि वरचे दोन फुटले तर रजिस्टरात नुसती तारीख टाकून सरांना पुढच्या तासाला जाऊ द्यावं.