भ्याड कोणाला म्हणावे?

दिवाळीत आपल्याकडे मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरतात, बुरुजावर तोफ ठेवतात आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे उभे करतात. त्या मावळ्यांत भ्याड म्हणून कोणी नसतो. मातीच्या मावळ्याला पळताच येत नाही, हे त्याचे एक कारण. हाडामांसाच्या शिपायाची गोष्ट इतकी सोपी नाही, आणि ती मुलांना सांगताना आपण बिचकतो. मायकल मॉरपर्गो या इंग्रज लेखकाने ती न बिचकता सांगितली आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘प्रायव्हेट पीसफुल’ ही कादंबरी मुलांसाठी आहे. पण ती मिटल्यावर मनात उरतो तो प्रश्न मोठ्यांनीच सोडवावा असा आहे.

प्रायव्हेट म्हणजे पलटणीतला अगदी साधा शिपाई, आणि पीसफुल हे त्याचे आडनाव. लढाईवर निघालेल्या पोराचे आडनाव ‘शांत’ असावे, यातली गंमत कडू आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यात चार्ली आणि टॉमो हे दोघे भाऊ वाढतात. बाप अंगावर झाड कोसळून गेलेला. राहते घर जमीनदाराचे. पहिले महायुद्ध सुरू होते आणि जमीनदार बजावतो, चार्ली लष्करात गेला नाही तर घर खाली करा. म्हणून चार्ली जातो. धाकट्या टॉमोचे तर भरतीचे वयही झालेले नसते. पण गावात भरतीचा डामडौल चाललेला असताना एक बोळकी म्हातारी त्याला बोटाने ढोसते आणि विचारते, तू भ्याड आहेस की काय रे? झाले! खोटे वय सांगून, थोरल्याचा जुळा भाऊ म्हणवून पोर भरती होते.

पुढे फ्लँडर्सच्या चिखलात एका चढाईत टॉमो जखमी होऊन पडतो. सार्जंट हॅन्ली ओरडतो, उठा, पुढे व्हा! पुढे धडधडीत मरण आहे. चार्ली नकार देतो आणि भावाजवळ थांबतो. लष्करी न्यायालयाला त्याचा निकाल लावायला तासभरही लागत नाही. शत्रूसमोर भ्याडपणा, शिक्षा मरण. कादंबरी सगळी एका रात्रीची आहे. भावाचे घड्याळ जवळ घेऊन टॉमो जागा बसला आहे, प्रकरणांना रात्रीच्या प्रहरांची नावे आहेत, आणि पहाटे सहाला काय व्हायचे ते आपल्याला हळूहळू कळत जाते.

मला या पुस्तकात सर्वांत बोचले ते हे, की एकच शब्द दोन्ही भावांच्या वाट्याला येतो. त्याच शब्दाने एकाला रणात ढकलले आणि त्याच शब्दाने दुसऱ्याला खांबाशी बांधले. उच्चारणाऱ्यांना त्याची किंमत काहीच पडली नाही. म्हातारी बाजारातून घरी गेली असेल, चहा घेतला असेल. ती निव्वळ कादंबरीतलीच म्हातारी, असेही नाही. 1914 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी एका निवृत्त ॲडमिरलने बायकांना हाताशी धरून, साध्या कपड्यांतल्या तरुणांच्या अंगावर पांढरी पिसे लावण्याची टूम काढली होती. पांढरे पीस म्हणजे भ्याडपणाची खूण. पीस हलके असते खरे!

पण हॅन्लीच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे, नाही तर आपला न्यायही तासाभराचाच होईल. जखमी भावाजवळ प्रत्येकजण थांबू लागला तर फौज चालायची कशी? पुढे गेलेले शिपाईही कोणाचे तरी भाऊ असतात. कादंबरीत तो हुकूम वेडेपणाचा आहे, म्हणून चार्लीचे बरोबर ठरवणे आपल्याला सोपे जाते. लेखकाने तेवढी सोय आपली करून ठेवली आहे, आणि ती मला किंचित खटकते. समजा, हुकूम शहाणपणाचा असता तर? मग चार्लीला अवज्ञेबद्दल शिक्षा व्हावी, हे मी मान्य करीन. पण भ्याड? समोर बंदूक आणि मागे कोर्टमार्शल, हे दोन्ही दिसत असताना जो जागचा हलत नाही, त्याला भित्रा म्हणायचे तर मराठीतला भीती हा शब्दच नव्याने शिकावा लागेल. अवज्ञा आणि भ्याडपणा हे दोन निरनिराळे शब्द आहेत. अधिकाऱ्याला ते एकच वाटू लागतात, तेव्हा घात होतो.

आपल्या महाभारतातही एक वीर ऐन वेळी धनुष्य टाकून रथात बसतो. त्यालाही पहिल्याने हाच टोमणा ऐकावा लागतो. श्रीकृष्ण त्याला नामर्दपणा सोड असेच म्हणतात. पण टोमण्याने काम भागत नाही. पुढे सतरा अध्याय त्याच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात, आणि शेवटी, सगळा विचार करून तुला वाटेल ते कर, असे सांगावे लागते. अर्जुनाला हे भाग्य लाभले, कारण तो अर्जुन होता. अठरा वर्षांच्या प्रायव्हेटला अठरा अध्याय कोण सांगतो?

त्या युद्धात इंग्रजी लष्करी न्यायालयांनी तीन हजारांहून अधिक मृत्युदंड ठोठावले. बहुतेक पुढे सौम्य झाले. पण पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी 306 शिपाई खरोखर मारले गेले. त्यांतला हर्बर्ट बर्डन हा 1915 च्या जुलैत गेला तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. परदेशी लढाईवर पाठवायला कायद्याने एकोणीस वर्षे पुरी लागत. म्हणजे लढाईला त्याचे वय कमी पडत होते आणि गोळी घालायला मात्र पुरेसे झाले.

2006 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून या सर्वांना माफी दिली. 1911 च्या हिंदी लष्कर कायद्याखाली अशाच गुन्ह्यांसाठी मारलेले आपल्याकडचे शिपाईही त्यात आले. मात्र त्याच कायद्यात असेही लिहून ठेवले आहे की, या माफीने मूळचा दोषनिर्णय किंवा शिक्षा यांना बाध येत नाही. म्हणजे दोष कायम आणि वर क्षमा! मला हा हिशेब उलटा वाटतो. क्षमा करायची ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याने. सरकारने फार तर ती मागावी. पण मागायची कोणाजवळ? ज्यांनी ती द्यायची ते केव्हाच खांबाशी संपले, आणि ज्या आयांनी तोंड लपवून दिवस काढले त्याही गेल्या.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात या शिपायांचे एक स्मारक 2001 साली उभे राहिले. बर्डनच्या आठवणीने घडवलेला एक पोरसवदा पुतळा तिथे आहे. डोळ्यांवर पट्टी, हात मागे बांधलेले. त्याच्या पाठीशी अर्धगोलात लाकडी खांब रोवले आहेत, आणि समोर सहा झाडे लावली आहेत. ती झाडे म्हणजे गोळ्या झाडणारे सहा जण. तेही शिपाईच, हुकूम पाळणारे. जागा मुद्दाम पूर्वेच्या कडेची निवडली आहे, म्हणजे पहाटेचा उजेड त्या आवारात सर्वांआधी तिथेच पडतो.