गप्प पोरं, बहिरा वर्ग

जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा. लहानपणीच आई गेली आणि त्याचं बोलणं थांबलं. पुढे बराच काळ त्याला जे सांगायचं असे, ते तो धुळीत रेघा ओढून सांगे. मग तो डहाणू तालुक्यात, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहायला आला. लग्नाच्या चौकातली, सवाष्णींच्या हातची वारली चित्रं त्याने भिंतीवरून कागदावर आणली आणि रोजच्या जगण्यातले विषय त्यांत घातले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. शब्द गेले आणि कला आली, असा या गोष्टीचा अर्थ लावून सांगणारे थांबतात.

मला मात्र त्या पोराच्या शेजारी उकिडवं बसून धूळ बघणाऱ्या माणसांचं कुतूहल वाटतं. धुळीतली रेघ टिकत नाही. ती काढली जाताना कोणालातरी बघावी लागते, 'हा बैल का? आणि ही नदी?' असं विचारावं लागतं, आणि पोराने मान हलवली की तेवढं बोलणं पुरं झालं असं मानावं लागतं. अशी माणसं त्याला मिळाली असणार. ती नसती, तर त्या रेघांना पोरखेळ म्हणून कोणीही पायाने पुसून टाकलं असतं.

लहान मूल व्यक्त कसं होतं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण मुलाच्या तोंडाकडे बघत बसतो. मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलाचं बोलणं तान्हेपणापासून टिपून ठेवलं आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पहिला खरा शब्द येण्याच्या कितीतरी आधी त्या बाळाचे ठरावीक आवाज होते, आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं: एक मागण्याचा, एक हाक मारण्याचा, एक नुसताच 'बघा तरी' म्हणण्याचा. शब्द नव्हते, पण अर्थ होता, कारण घरातली माणसं त्या आवाजांना उत्तर देत होती. पाड्यावरची कोणतीही आजी हे पुस्तक न वाचता जाणते. कडेवरचं पोर 'उं' म्हणालं की ती त्याच्याशी सरळ बोलायला लागते, जणू त्याने अख्खं वाक्य म्हटलं आहे. त्या 'जणू'तूनच पुढे वाक्य येतं.

शाळेत नेमका हा 'जणू' संपतो. पहिलीच्या वर्गातलं चित्र डहाणू-तलासरीतल्या शिक्षकांना ओळखीचं वाटेल. बाई विचारतात, मूल खाली बघतं. पुन्हा विचारतात, मूल अंगठ्याने जमीन उकरतं. मग शेरा येतो: मुलं बोलतच नाहीत. खिचडीची सुट्टी झाली की तीच मुलं कोणाची कोंबडी कोल्ह्याने नेली, ओहळात चिंबोऱ्या कुठे लागल्या, हे एका दमात सांगत सुटतात, पण वारलीत.

नवी भाषा शिकणाऱ्याच्या गप्प राहण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक गप्पपणा साठवणीचा असतो. कान काम करत असतात, जीभ थांबलेली असते. नोकरीसाठी चेन्नईला गेलेल्या मराठी माणसालाही पहिले काही महिने कंडक्टरचं बोलणं कळू लागलेलं असतं, पण उत्तर देताना तोंड उघडत नाही. हा काळ घाई न करता सरू द्यावा. दुसरा गप्पपणा भीतीचा. आपण बोललो की हसतील, हे एकदा कळलं की तो घट्ट होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि वर्गात दोघांनाही एकच औषध दिलं जातं: 'नीट बोल.' पहिला त्याने बिघडतो, दुसरा वाढतो.

ताराबाई मोडकांनी या भागात जे केलं, त्याचं मोल मला इथे दिसतं. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या, आणि १९५६-५७च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. यात काटकसर होती हे खरं, पण ज्या वस्तूंची नावं मुलाला आधीच येतात, त्यांच्यापासून सुरुवात झाली ही गोष्ट मोठी. अननसाचा अ शिकण्याआधी आपल्याला काही येतं, हे मुलाला तिथे कळत होतं.

त्यांनी आणखीही एक गोष्ट ओळखली. मूल शाळेत येत नाही, कारण ते कामावर असतं. सहा-सात वर्षांची पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, तिच्याहून मोठा गुरांमागे असतो. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आली, आणि गुरं चरतात तिथेच भरणारी कुरणशाळा आली. ज्या कुरणावर मुलगा दिवसभर गुरांना हाका मारतो, तिथे त्याला बोलायला शिकवावं लागत नाही. (त्यांच्या कामातला स्वच्छतेवरचा भर मला कधीकधी पांढरपेशा वाटतो. पण त्या बायका पाड्यावर चालत जात होत्या, आणि चालत जाणाऱ्याच्या कानावर पुष्कळ काही पडतं.)

त्याच १९४५ साली, २३ मे रोजी, तलासरीतल्या झरीला हजारो वारली जमले आणि रोजी बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. या लढ्यात त्यांच्यासोबत असलेल्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात वेठीने वाकलेली ही माणसं दिसतात. त्यांना भाषा येत नव्हती असं कोण म्हणेल? लग्न लावणाऱ्या धवलेरीची रात्रभर चालणारी गाणी त्यांच्याकडे होती, कणसरी या धान्यदेवीची कहाणी होती. मालकासमोर मात्र ती मुकी होती. ऐकून घेणारे, आणि सोबत उभे राहणारे, भेटल्यावर त्यांचा 'नाही' बाहेर आला.

म्हणूनच जिव्यांच्या गोष्टीचा जो सोयीचा वापर होतो, त्याची मला धास्ती वाटते. 'आदिवासी मुलं बोलत नाहीत, पण चित्रं छान काढतात' हे वाक्य कौतुकाच्या सुरात ऐकू येतं. मग स्नेहसंमेलनात तारपा नाच, भिंतीवर त्रिकोणी माणसं, आणि वर्गात तीच शांतता. चित्र हे बोलण्याचं दार असावं, बोलण्याऐवजी दिलेली पाटी नसावी. तलाठ्याकडचा अर्ज, वनहक्काचा दावा, दवाखान्याचा केसपेपर यांतलं काहीच वारलीत चालत नाही, चित्रात तर नाहीच. या मुलांचा प्रमाण मराठीवरही पुरा हक्क आहे. घरच्या बोलीचं कौतुक करून त्यांना तिथेच ठेवणं हा उपेक्षेचाच गोड प्रकार.

संविधानाच्या ३५०-क या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची अपेक्षा आहे. २०२०चं शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचं नाव घेतं. आता कोणी म्हणेल, मग वारलीत पुस्तकं छापा. छापावीत, देवनागरीत ती सहज लिहिता येते. पण तलासरीच्या एकाच वर्गात वारली असतात, कोकणा असतात, धोडी आणि दुबळा असतात. गुजरातची हद्द लागूनच, त्यामुळे गुजरातीही कानावर असते. दिवाळीनंतर काही कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं तिथली हिंदी घेऊन परततात. एक पुस्तक या सगळ्यांना पुरणार नाही.

शिक्षक पुरू शकतो. तोही बहुधा देशावरून किंवा खानदेशातून आलेला असतो, आणि त्याला वारली येत नाही. म्हणजे जूनमध्ये त्या वर्गात भाषा न येणारा तोही एक असतो; फरक इतकाच की त्याच्या न येण्यावर कोणी शेरा मारत नाही. त्याने पहिले काही आठवडे मुलांना त्यांच्या भाषेत सांगू द्यावं, ऐकलेलं फळ्यावर जसंच्या तसं लिहावं, आणि चुकलेला शब्द मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यावा. मुलं हसतील. मास्तरही चुकतो आणि चुकून बोलत राहतो, हे पाहिलेलं पोर पुढे मराठीत चुकायला कमी घाबरेल. वर्ष वाया जाईल अशी शंका मुख्याध्यापक काढतील, केंद्रप्रमुख अभ्यासक्रमाचं विचारतील. त्यांना दाखवायला फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवून ठेवावा, आणि त्याच वहीतून मुलांना वाचायला बसवावं.