धनवानांची मैत्री आणि दानाचें मूळ

एखाद्या गांवीं दोन सुखवस्तु घराण्यांचा स्नेह असावा, दोघांनीं मिळून प्रार्थनामंदिराचें छप्पर घालून द्यावें अथवा शाळेस विहीर बांधून द्यावी, म्हणजे सर्व मंडळीस आनंद होतो. आणि तो होणें योग्यच आहे. परंतु त्याच गांवांतला एखादा सालदार किंवा एखादी मजुरी करणारी विधवा मनांतल्या मनांत विचारीत असते कीं, ज्या राशींतून हें दान निघालें त्या राशींत आपली मजुरी किती राहून गेली आहे? हा प्रश्न मोठ्यानें कोणी विचारीत नाहीं. विचारणारा कृतघ्न ठरतो. पाळक व शिक्षकहि बहुधा गप्प बसतात, कारण छप्पर सर्वांनाच हवें असतें. तर मग दान देणाऱ्यास 'हें आलें कोठून?' असें विचारणें हा त्याचा अपमान आहे काय? आणि विचारावयाचें तर तें कोणीं? या प्रश्नाचा विचार करण्यास आम्ही आज वाचकांस दूर देशच्या तीन श्रीमंत घराण्यांची हकीकत सांगतों. तीं वाईट माणसांचीं घराणीं नव्हतीं, आणि म्हणूनच त्यांपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं कॅडबरी, यॉर्क शहरीं राउंट्री आणि ब्रिस्टल शहरीं फ्राय, अशीं हीं तीन घराणीं होतीं. तिघांचाहि धंदा कोकोचा. कोको हें उष्ण प्रदेशांतील एका झाडाच्या फळांतलें बीं. तें भाजून, दळून त्याचें पेय करितात आणि साखर घालून चॉकोलेट बनवितात. तिन्ही घराणीं क्वेकर पंथाचीं. हे लोक आपल्या मंडळीस 'मित्रसमाज' असें म्हणवितात. ते शपथ वाहत नाहींत व युद्धास मान्यता देत नाहींत. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांत धर्ममताची जी आडकाठी होती ती १८७१ सालीं दूर झाली. तोंपर्यंत अशा लोकांच्या मुलांस तीं दारें बहुतेक बंदच असत. यास्तव त्यांतील पुष्कळ हुशार तरुण व्यापारांत शिरले. दारूनें गरिबांचे संसार बुडतांना त्यांनीं पाहिले होते, आणि दारूऐवजीं कोकोचा पेला लोकांच्या हातीं जावा ही इच्छाहि त्या धंद्यांत होती.

या घराण्यांचा स्नेह केवळ पाहुणचाराचा नव्हता. जॉर्ज कॅडबरी तरुणपणीं यॉर्क येथें राउंट्री यांच्या किराणा दुकानांत काम शिकावयास राहिला होता. त्याच घरचा मुलगा जोसेफ राउंट्री हा पुढें कोकोच्या धंद्यांत त्याचा प्रतिस्पर्धी झाला. एकच माल, एकच गिऱ्हाईक. तरी दोघांची चाल एक राहिली. दोघेहि प्रौढ मजुरांच्या शाळेंत स्वतः शिकवीत. जॉर्ज कॅडबरीनें तर हें काम सुमारें पन्नास वर्षें केलें. कॅडबरी बंधूंनीं १८७९ सालीं आपला कारखाना शहराच्या धुरांतून काढून बाहेर मोकळ्या जागीं नेला. जॉर्जनें १८९३ सालीं त्याच्याजवळ १२० एकर जमीन घेतली, १८९५ सालापासून तीवर प्रत्येकास बाग असलेलीं घरें बांधविलीं, आणि १९०० सालीं तीनशेंहून अधिक घरांचें तें बोर्नव्हिल गांव स्वतःच्या मालकींतून काढून विश्वस्तांच्या हवालीं केलें. जोसेफ राउंट्रीनें १९०२ सालीं यॉर्कजवळ न्यू इअर्सविक हें तसेंच गांव वसविण्यास आरंभ केला. आणि १९०४ सालीं आपल्या संपत्तीचा सुमारें अर्धा भाग तीन विश्वस्तनिधींस देऊन टाकला.

एका कामांत तर दोन्ही घरांचा हात एकमेकांत गुंफलेला दिसतो. जोसेफचा मुलगा जॉन विल्हेल्म राउंट्री यास वाटे कीं, सामान्य लोकांस शास्त्राचा व समाजसेवेचा अभ्यास करितां येईल असें एक कायमचें घर असावें. विचार त्याचा; घर दिलें जॉर्ज कॅडबरीनें. आपलें स्वतःचें पूर्वींचें राहतें घर त्यानें या कामास दिलें, आणि १९०३ सालीं वुडब्रुक ही संस्था सुरू झाली. आमच्या देशाचेहि तिच्याशीं नातें आहे. कारण १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं इंग्लंडांत गेलेले महात्मा गांधी तेथें जाऊन आले होते.

त्यांतहि जोसेफ राउंट्रीचा एक विचार आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. विश्वस्तनिधी स्थापितांना त्यानें लिहून ठेविलें कीं, लोकांचें बहुतेक दान दुःखाच्या वरवरच्या लक्षणांवर खर्च होतें आणि दुःखाचें मूळ शोधण्यावर फार थोडें होतें. त्याचा मुलगा सीबोम यानें हेंच मूळ शोधण्यास १८९९ सालीं यॉर्क शहरांतील मजुरांच्या घरोघरची चौकशी करविली आणि १९०१ सालीं ती प्रसिद्ध केली. शहरांतील शंभर माणसांत सुमारें अठ्ठावीस माणसें दारिद्र्यांत आहेत असें तींत दिसून आलें. त्यांपैकीं सुमारें दहा जणांच्या घरची मिळकत इतकी थोडी होती कीं, एक पैहि वायां न घालवितां संसार केला तरी शरीर धड राखण्यास ती पुरेना. आणि या दहांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांच्या घरीं कर्ता पुरुष रोज कामावर जात होता. मजुरीच अपुरी होती. गरीब मनुष्य आळसानें अथवा व्यसनानेंच गरीब असतो असें म्हणणाऱ्यांस हें मोठें उत्तर होतें.

असे हे मित्र. मूळ शोधावें असें म्हणणारे. आतां त्यांच्या स्वतःच्या धनाच्या मुळाशीं काय होतें तें पाहूं.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर सांव तोमे व प्रिन्सिपे हीं दोन बेटें आहेत. तीं त्या काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतीं. तेथें कोकोच्या मोठमोठ्या बागा होत्या, आणि त्या शतकाच्या आरंभीं कॅडबरी यांच्या कारखान्यास लागणारा जवळजवळ अर्धा कोको तेथूनच येई. १९०१ सालीं जॉर्जचा पुतण्या विल्यम कॅडबरी त्रिनिदाद बेटावर गेला असतां त्याच्या कानीं आलें कीं, सांव तोमे येथील मजूर वास्तविक गुलाम आहेत. त्यानंतर लवकरच तेथील एक बाग विकाऊ असल्याचा कागद त्यांच्याकडे आला. त्यांत जमीन, इमारती यांच्याबरोबर मजुरांचीहि किंमत मालमत्ता म्हणून मांडली होती. कायद्यानें पोर्तुगीज मुलखांत गुलामगिरी पूर्वींच बंद झाली होती. कागदोपत्रीं प्रत्येक मजुराचा पांच वर्षांचा करार असे. परंतु अंगोला देशाच्या आंतल्या भागांतून धरून, विकत घेऊन, चालवीत आणलेलीं तीं माणसें एकदां बेटावर उतरलीं म्हणजे त्यांतील जवळजवळ कोणीहि परत मायदेशीं जात नसे. वेठीचें नांव करार ठेविल्यानें वेठ संपत नाहीं.

मग या मित्रांनीं काय केलें? त्यांनीं कान झांकून घेतले नाहींत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९०३ सालीं विल्यम कॅडबरी पोर्तुगालच्या राजधानीस गेला. तेथें त्यास सांगण्यांत आलें कीं, नवा नियम झाला आहे, त्याचें फळ दिसूं द्या. पुढें कॅडबरी, राउंट्री व फ्राय यांनीं, जर्मनींतील स्टोलवेर्क या कारखानदारांसह, जोसेफ बर्ट नांवाच्या गृहस्थास चौकशीवर पाठविण्याचें ठरविलें. त्यानें आधीं पोर्तुगीज भाषा शिकून घेतली, १९०५ सालीं तो निघाला आणि १९०७ सालीं परत आला. दरम्यान हेन्री नेव्हिन्सन नांवाचा एक पत्रकार अंगोलांत व बेटांवर जाऊन आला, आणि १९०६ सालीं त्यानें सर्व हकीकत पुस्तकरूपानें जगापुढें मांडली. बर्टचा अहवालहि तेंच सांगत होता. इंग्रज सरकारनें कारखानदारांस धीर धरावयास सांगितलें. १९०८ सालीं विल्यम कॅडबरी स्वतः आफ्रिकेस गेला. अखेर मार्च १९०९ मध्यें तिन्ही इंग्रज घराण्यांनीं मिळून जाहीर केलें कीं, त्या बेटांचा कोको यापुढें घ्यावयाचा नाहीं.

पहिली बातमी १९०१ सालची. खरेदी बंद झाली १९०९ सालीं. मधलीं आठ वर्षें माल येत होता, यंत्रें चालत होतीं, आणि त्याच वर्षांत बोर्नव्हिलच्या बागांत फुलें फुलत होतीं. १९०८ सालीं एका वर्तमानपत्रानें या विलंबाबद्दल कॅडबरी यांस ढोंगी ठरविलें. कॅडबरी यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. डिसेंबर १९०९ मध्यें बर्मिंगहॅम येथें खटला चालला. पंचांनीं निकाल कॅडबरी यांच्या बाजूनें दिला, परंतु नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. आपल्याकडे म्हणावयाचें तर एक दमडी. तुम्ही जिंकलां, पण तुमच्या अब्रूची किंमत या प्रकरणांत आम्ही एवढीच मानितों, असा त्याचा अर्थ लोकांनीं घेतला.

येथें कोणी म्हणेल, एकदम खरेदी थांबविली असती तर तो कोको दुसऱ्या व्यापाऱ्यानें घेतला असता, गुलामांची बेडी तशीच राहिली असती, आणि मालकांस बोलण्याचा अधिकार मात्र गेला असता. हें म्हणणें पोकळ नाहीं. शत्रूच्या घरीं जाऊन त्याचें मन वळविणाराहि कधीं कधीं हवा असतो. परंतु आम्ही वाचकांस विचारितों, थांबण्याची मुदत कोण मोजतो? जो उबदार खोलींत बसून पत्राच्या उत्तराची वाट पाहतो त्यास एक वर्ष थोडें वाटतें. ज्याच्या पांच वर्षांच्या कराराचीं आठ वर्षें झालीं, त्यास तें वर्ष थोडें वाटत नाहीं.

आणि मैत्रीविषयींचा आमचा मुख्य मुद्दा येथेंच आहे. या हकीकतींत मैत्रीनें दोन कामें केलीं, आणि तीं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक असें कीं, तिघे भले लोक एकत्र थांबले म्हणजे थांबणें हेंच भलेपण वाटूं लागतें. प्रत्येकाची विवेकबुद्धि दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून निजते. 'राउंट्रीसारखा मनुष्य थांबला आहे, मग आपण घाई कशास करावी?' असें मनांत येणें किती सोपें! दुसरें असें कीं, जेव्हां बंद करावयाचें ठरलें तेव्हां तिघांनीं एकत्र बंद केलें, आणि एकानें सोडलेला माल उचलून दुसऱ्यानें नफा केला नाहीं. प्रतिस्पर्ध्यांत हें सहसा घडत नाहीं. मित्रांतच घडूं शकतें. तेव्हां मैत्री ही स्वतः पुण्य नव्हे. तिच्यांत एकमेकांस निजविण्याचें बळ आहे तसेंच जागें करण्याचेंहि आहे.

आमच्या शेतकरी बंधूंस सावड ठाऊक आहे. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, आणि दोघांचीं शेतें मिळून नांगरावयाचीं. अशा वेळीं जुंपतांना शेजाऱ्याच्या बैलाचा खांदा सुजलेला दिसला तर आपण गप्प बसतों काय? गप्प बसलों तर तो बैल तर मरतोच, पण आपलें शेतहि पडून राहतें. दानांतील सावडहि अशीच आहे. ज्या दोघांनीं मिळून विहीर बांधली त्या दोघांनीं एकमेकांच्या राशीकडेहि पाहिलें पाहिजे. सालदारास विचारण्याचें धैर्य होत नाहीं, विधवेचें कोणी ऐकत नाहीं, शिक्षकाचा पगार त्याच वर्गणींतून निघतो. पण बरोबरीचा मित्र विचारूं शकतो. तो विचारतो तेव्हां अपमान होत नाहीं, कारण तो उद्यां आपलीहि रास मोजूं देणार असतो.

जक्कयाची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. त्यानें दोन गोष्टी कबूल केल्या, एक नव्हे. आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग दरिद्र्यांस देण्याचें त्यानें म्हटलें. आणि ज्याचें अन्यायानें घेतलें असेल त्यास चौपट परत करण्याचें निराळें म्हटलें. पहिलें दान, दुसरी फेड. दानाचा हिशेब फेडीच्या खात्यांत मांडतां येत नाहीं. ज्याची मजुरी अडकली आहे त्यास त्याच पैशाचें छप्पर घालून दिलें तर तो भिजावयाचा थांबेल, पण त्याचें देणें फिटणार नाहीं.

पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. कॅडबरी यांनीं आपली खरेदी हळूहळू गोल्ड कोस्ट, म्हणजे सांप्रतचा घाना देश, येथें नेली. तेथें लहान शेतकरी आपल्या स्वतःच्या शेतांत कोको पिकवीत. काळानें तीं दुकानें परक्या हातीं गेलीं. राउंट्रीचा कारखाना १९८८ सालीं नेस्ले कंपनीनें घेतला, कॅडबरीचा २०१० सालीं क्राफ्ट कंपनीनें. गांवें व विश्वस्तनिधी मात्र आहेत. २०२१ सालीं राउंट्री घराण्याच्या नांवानें चालणाऱ्या संस्थांनीं आपल्या निधीच्या मुळाशीं असलेल्या वेठीबद्दल उघडपणें खेद प्रकट केला. संस्थापक मरून शंभर वर्षें होत आलीं तेव्हां त्यांच्याच दानावर चालणाऱ्यांनीं त्यांचीच शिकवण त्यांच्या धनास लावली, आणि मूळ शोधलें. यांत त्या जोसेफची अप्रतिष्ठा झाली असें आम्हांस वाटत नाहीं. आणि पश्चिम आफ्रिकेंतील कोकोच्या शेतांत आजहि मुलें राबतात, म्हणून तो प्रश्न जुना झालेला नाहीं.

यास्तव आमची विनंति एवढीच कीं, यंदाच्या हंगामाचें दान मंदिरांत आणण्यापूर्वीं ज्या दोघां स्नेह्यांनीं तें मिळून आणावयाचें ठरविलें असेल त्यांनीं एक संध्याकाळ खळ्यावर बसावें, आणि एकानें दुसऱ्यास विचारावें, 'दादा, यांत कोणाचें राहिलें आहे काय?' राहिलें असेल तर तें आधीं त्याच्या घरीं पोंचवावें. उरेल तें थोडें असलें तरी चिंता नाहीं. छप्पर एका वर्षानें उशीरा पडलें तरी चालेल. पण त्याखालीं बसणाऱ्या त्या विधवेस मान खालीं घालून बसावें लागूं नये.