निर्बंध आणि निग्रह

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी येथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांस मोबाइलची बंदी करणारा ठराव केला. गावकऱ्यांची कळकळ आम्हांस आदरणीय वाटते. परंतु निर्बंधाने हात आवरला, तरी मन आवरतेच असे नाही. आत्मपरीक्षणावाचूनचे जिणे सॉक्रेटिसाने जगण्यास अयोग्य मानले. त्या परीक्षणास निवांतपणा लागतो, आणि हे यंत्र तोच हिरावून घेते. बंदीने मुलास तो कदाचित परत मिळेल. पण त्या निवांत वेळी स्वतःस काय विचारावे, हे ठरावाने शिकविता येत नाही. ते वडील मंडळींच्या आचरणातूनच शिकावयाचे. मग मुलास उपदेश करताना आमच्याच खिशातील यंत्र वाजले, तर आम्ही प्रथम कोणीकडे वळतो?